विहिरींच्या मोजणीकरिता उपग्रहयंत्र

धान्यासाठी दिलेला पैसा यंत्रावर का खर्चावा, असे कोणी दाते विचारतील. ‘देवळामागील विहीर’ एवढ्याच वर्णनावर यादी केली, तर एक विहीर दोनदा लिहिली जाते, दुसरी सुटते. आणि सुटलेल्या वस्तीवर टँकर जात नाही. हातात धरावयाचे जीपीएस नोंदयंत्र किमान चार उपग्रहांचे संदेश मिळताच अक्षांश, रेखांश व वेळ स्वतः टिपते. आयपी ६७ दर्जाच्या यंत्रात धूळ शिरत नाही. मीटरभर पाण्यात अर्धा तास पडले तरी ते बिघडत नाही. इ. स. २००० च्या मे महिन्यापूर्वी अमेरिकेने मुद्दाम ठेविलेल्या दोषामुळे सुमारे १०० मीटरांची चूक संभवे. आता उघड्यावर ती काही मीटरांचीच असते. कड्याखाली वा दाट झाडीत मात्र ती वाढते. तेथे काही काळ स्थिर उभे राहून सरासरी घ्यावी. अंशाचा पाचवा दशांश सुमारे एक मीटर दाखवितो. त्यापुढील अंक आमच्या मते निव्वळ डौल होय. यंत्राची अक्षांशपद्धती डब्ल्यूजीएस ८४, जुन्या भारतीय नकाशांची एव्हरेस्ट. रूपांतर न करिता दोन्ही एकत्र केल्यास विहीर शेजाऱ्याच्या शेतात जाईल, आणि तिच्या मालकीविषयी नसता तंटा उभा राहील. पाणी किती खोल व पिण्याजोगे आहे काय, हे यंत्रास कळत नाही. ते स्वयंसेवकाने दोर सोडून व गावकऱ्यांस विचारून तेथेच भरावयाचे आहे.