लाइन आली अन् सगळे पंप एकदम सुरू: ऑटोस्विचमध्ये दडलेला संशोधन-प्रश्न

नेट-सेट, पेटची तयारी करणारी मुलं हमखास विचारतात, "दादा, विषय कुठून आणायचा?" आज एक विषय वावरातूनच उचलून दाखवतो. कागद-पेन घेऊन बसा, थोडा हिशोब आहे.

मौद्यात एनटीपीसीचं २३२० मेगावॉटचं वीजकेंद्र आहे. त्याच तालुक्यातला शेतकरी मात्र लाइन कधी येते याची वाट पाहतो. शेतीला थ्री-फेज वीज बऱ्याच ठिकाणी चक्राकार पद्धतीने मिळत आली आहे: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी म्हणजे थंडीत बॅटरी घेऊन धुऱ्याधुऱ्याने जाणं, साप-विंचवाची भीती अन् ओल्या हाताने स्टार्टर दाबणं.

यावर दोन उपाय आले. एक ऑटोस्विच: लाइन आली की पंप आपोआप सुरू. दुसरा मोबाइल स्टार्टर: सिमकार्ड असलेला डबा, फोन केला की पंप चालू-बंद. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' हे त्यातलं गाजलेलं नाव. आतली रचना सोपी आहे. डब्यातला छोटा रिले मोटरचा करंट स्वतः वाहत नाही, तो फक्त स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरची कॉइल चालू-बंद करतो. जड काम कॉन्टॅक्टर करतो.

मग महावितरण "ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा" असं पुन्हा पुन्हा का सांगतं? उत्तर हिशोबात आहे.

एका १०० केव्हीएच्या डीपीवर ५ एचपीचे १५ पंप आहेत असं धरा. चालू पंप साधारण ७.५ अँपिअर घेतो, म्हणजे सगळे मिळून सुमारे ११२. डीपीची क्षमता साधारण १३५. सगळं आलबेल! पण मोटर सुरू होताना पहिले काही क्षण सहापट करंट ओढते. लाइन आली, १५ ऑटोस्विच एकदम पडले, तर ढोबळ मानाने ६७५ अँपिअर, म्हणजे क्षमतेच्या पाचपट. इतक्या ओढीने ट्रान्सफॉर्मरमध्येच व्होल्टेज १५-२० टक्के पडतं, लांबच्या तारांत आणखी. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. व्होल्टेज ८० टक्के राहिलं तर जोर ६४ टक्केच. मोटर वेग धरायला उशीर लावते आणि तोवर करंट चढाच राहतो. फ्यूज उडतो. फ्यूजच्या जागी कोणी जाड तार घातली असेल, तर डीपीच जळते. नवी येईपर्यंत पीक उन्हात उभं.

आता गंमत बघा. हाताने पंप सुरू करायचे तेव्हा एक जण आधी पोचायचा, दुसरा चहा पिऊन यायचा. माणसांचा हा विस्कळीतपणाच डीपीला वाचवत होता. वीज अभियांत्रिकीत याला लोडची डायव्हर्सिटी म्हणतात. आपण सोय आणली अन् ती डायव्हर्सिटीच काढून टाकली.

हाच प्रश्न थंड देशांतही दिसतो. कॅनडात उणे २०-३० अंशांत गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून त्यात ब्लॉक हीटर बसवतात, आणि तो फोनवरच्या स्मार्ट सॉकेटने पहाटे सुरू करतात. रात्रभर वीज जाळण्यापेक्षा निघायच्या आधी दोन-चार तास चालवणं स्वस्त. पण सगळ्यांनीच पहाटे ४ ची वेळ लावली तर? फरक लक्षात ठेवा: हीटर म्हणजे नुसता रोध, तो सहापट उसळी घेत नाही. मोटर घेते. म्हणूनच तिकडचं सॉकेट आणून थेट पंपाला जोडणं चूक ठरेल.

आता प्रश्न घडवू. पहिला प्रयत्न: "मोबाइल स्टार्टरचे फायदे-तोटे." हा निबंध झाला. दुसरा: "प्रत्येक स्टार्टरने ० ते ५ मिनिटांतला कुठलाही विलंब स्वतःच निवडला, तर दोन पंप एकदम सुरू होतील का?" बरा आहे. १० सेकंदांचे ३० कप्पे धरा, त्यात १५ पंप टाका. एकही टक्कर न होण्याची शक्यता जेमतेम १.४ टक्के निघते! म्हणजे उपाय फसला? नाही, प्रश्न चुकला. १३ पंप चालू असताना दोन एकदम सुरू झाले तरी ९७ अधिक ९०, म्हणजे सुमारे १८७ अँपिअर, तेही काही क्षण. डीपी एवढं सहज सोसते. म्हणून तिसरा प्रयत्न: "एकाच वेळी किती पंप सुरू झाले तर व्होल्टेज धोक्याखाली जातं, आणि ती वेळ टाळायला किमान किती विलंब पुरतो?" यात मोजता येणारी गोष्ट आहे, मर्यादा आहे, आणि उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं. संशोधनाचा प्रश्न असा हवा.

एक गोष्ट मात्र गणितात बसवू नका. बाप विहिरीवर पंप दुरुस्त करतोय आणि पोरगा नागपूरहून फोन करून मोटर सुरू करतो, असं घडू शकतं. फोनवर "ऑन" दिसलं म्हणजे आदेश गेला एवढंच. तिथे पाणी आहे की नाही, माणूस आहे की नाही, हे फोनला दिसत नाही. तुमच्या आराखड्यात करंट मोजणारा सेन्सर आणि जागेवरचा कुलूपबंद स्विच आधी काढा, अ‍ॅप नंतर. प्रत्यक्ष मोजमापाला जाल तेव्हाही मेन स्विच पाडल्याशिवाय अन् वायरमनला सोबत घेतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही.

या आठवड्याचा अभ्यास: तुमच्या गावातल्या एका डीपीवर किती पंप आहेत, किती एचपीचे, कितींना ऑटोस्विच आहे, हे फक्त विचारून लिहून काढा. विषय तिथेच सापडेल.