आखाड्याच्या इतिहासाला कुलूप कोणाचे?

‘डब्ल्यूडब्ल्यूई’ या अमेरिकी कंपनीच्या व्यावसायिक कुस्तीचे भारतातील प्रसारण एप्रिल २०२५ पासून सोनी समूहाकडून नेटफ्लिक्सकडे गेले. या घटनेकडे एक मोठा प्रसारण-करार म्हणून पाहिले गेले आणि ते गैरही नव्हते. परंतु अशा करारांत केवळ आगामी लढतींचे हक्क हस्तांतरित होत नाहीत; जुन्या लढतींचे काय होणार, हेही त्यांतच ठरते. या कंपनीने २०१५ च्या अखेरीस भारतात स्वतःची मागणीनुसार चित्रफिती दाखवणारी सेवा सुरू केली. पुढे तो संग्रह सोनी लिव्हवर गेला आणि आता प्रसारणाबरोबर ठिकाणही पुन्हा बदलले. एका दशकात तीन घरे झाली. प्रत्येक स्थलांतरात फडताळावर काय राहील, कोणत्या स्वरूपात राहील आणि काय माळ्यावर जाईल, याचा निर्णय करार करणाऱ्या दोन पक्षांनी केला. वर्गणी भरणाऱ्या प्रेक्षकाला त्यात मत नाही. हा प्रश्न कुस्तीच्या शौकिनांपुरता मर्यादित नाही, असे मला वाटते.

प्रथम या संग्रहाचे मोल मान्य केले पाहिजे. डब्ल्यूडब्ल्यूईने २००१ मध्ये ‘डब्ल्यूसीडब्ल्यू’ ही मुख्य प्रतिस्पर्धी संस्था विकत घेतली. त्यानंतर ‘ईसीडब्ल्यू’ची मालमत्ता आणि अमेरिकेच्या निरनिराळ्या प्रांतांतील बंद पडलेल्या कुस्ती संस्थांचे चित्रसंग्रहही तिच्या ताब्यात आले. परिणामी अमेरिकी व्यावसायिक कुस्तीचा अर्धशतकाचा दृश्य-इतिहास एकाच मालकाच्या छताखाली गोळा झाला. आपल्याकडे १९९० च्या दशकात केबल आली, तेव्हा ही कुस्ती तुकड्यातुकड्यांनी घराघरांत पोहोचली. कालची लढत हुकली तर ती कायमची हुकली. उरलेली माहिती मुलांना मिळत असे ती पत्त्यांच्या जोडातून; पैलवानाची उंची, वजन आणि क्रमांक त्यांवरून पाठ केले जात. आज लुधियानातील वा इम्फाळमधील प्रेक्षक न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ३१ मार्च १९८५ रोजी झालेला पहिला ‘रेसलमेनिया’ हवा तेव्हा, हवा तिथे थांबवून पाहू शकतो. एकेकाळी ही सोय फक्त संग्राहकांना होती, हे विसरता कामा नये.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. ज्या लढतीचा निकाल आधीच ठरलेला असतो, त्या नुरा कुस्तीचा कसला इतिहास? निकाल ठरलेला असतो, हे आता गुपित नाही. नियमन आणि कर यांतून सुटका मिळावी म्हणून खुद्द कंपनीनेच १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे ही क्रीडास्पर्धा नसून मनोरंजन असल्याचे मान्य केले होते. त्याही आधी, १९५७ मध्ये, फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी अशा कुस्तीकडे खेळ म्हणून नव्हे, तर न्याय-अन्यायाचे नाट्य म्हणून पाहावे, असे प्रतिपादन केले होते. नाट्य म्हटले की ते इतिहासाचे साधन होते. समाजाने कोणाला टाळ्या दिल्या आणि कोणाची हुर्यो उडवली, हे सरकारी कागदपत्रांत सापडत नाही; ते अशाच ठिकाणी सापडते.

उदाहरणे घेऊ. तेहरानमधील अमेरिकी ओलिसांचे प्रकरण १९८१ मध्ये संपले. त्यानंतर तीनच वर्षांनी, जानेवारी १९८४ मध्ये, हल्क होगनने ‘आयर्न शेख’ या इराणी पैलवानाकडून अजिंक्यपद हिसकावून घेतले आणि अमेरिकेत कुस्तीच्या लोकप्रियतेचे नवे पर्व सुरू झाले. १९९१ मध्ये आखाती युद्ध पेटले असताना सार्जंट स्लॉटर या एरवीच्या देशभक्त पात्राला इराकचा पक्षपाती करून रिंगणात उतरवले गेले. सामान्य अमेरिकी माणसाच्या मनातील शत्रूची प्रतिमा त्या काळी कशी होती, हे जाणून घेणाऱ्या अभ्यासकाने या चित्रफिती परराष्ट्र खात्याच्या दस्तऐवजांशेजारी ठेवून पाहाव्यात.

भारतीयांची प्रतिमाही या संग्रहात आहे. हिमाचल प्रदेशातून पंजाब पोलीस दलामार्गे तेथे पोहोचलेला दलीप सिंह राणा ‘द ग्रेट खली’ या नावाने २००७ मध्ये विश्वविजेता झाला. आपल्याकडे त्याचा अभिमान बाळगला गेला. तिकडे मात्र त्याला प्रामुख्याने भाषा न समजणारा, अवाढव्य आणि भयावह परदेशी म्हणून उभे केले गेले. त्याच्या नावाभोवती ‘पंजाबी प्रिझन’ नावाचा बांबूंचा दुहेरी पिंजरा रचण्यात आला. पंजाबच्या कोणत्याही परंपरेशी या तुरुंगाचा संबंध नाही; तो अमेरिकी कल्पनेतून उगवला. कॅनडात जन्मलेल्या पंजाबी वंशाच्या जिंदर महालने मे २०१७ मध्ये अजिंक्यपद जिंकले, तेव्हा दोनच महिन्यांत तो पिंजरा पुन्हा बाहेर काढण्यात आला. हे पाहताना राग येईल वा हसू येईल. पण जागतिक मनोरंजन-व्यवसायाने भारतीय माणसाला कोणत्या साच्यात बसवले, याचा तो पुरावा आहे आणि तो आपल्या उपयोगाचा आहे.

पुरावा मात्र जसाच्या तसा हाती लागला पाहिजे. या संग्रहाचे तसे होत नाही. एक निरुपद्रवी वाटणारे उदाहरण आधी पाहू. कंपनीचे पूर्वीचे नाव ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’. वन्यजीव संरक्षणासाठी काम करणाऱ्या त्याच आद्याक्षरांच्या संस्थेशी झालेल्या न्यायालयीन वादामुळे २००२ मध्ये ते बदलावे लागले. त्यानंतर जुन्या चित्रफितींतील एक बोधचिन्ह धूसर करण्यात आले आणि समालोचकांच्या तोंडचे ते नाव पुसण्यात आले. २०१२ मध्ये समेट झाल्यावर ते चिन्ह पुन्हा दिसू लागले. हल्क होगनच्या बाबतीत हेच व्यक्तीविषयी घडले. त्याची वर्णद्वेषी वक्तव्ये जुलै २०१५ मध्ये उघड झाली आणि कंपनीने आपल्या संकेतस्थळावरील त्याच्या खुणा हटवल्या. ज्याच्या खांद्यावर १९८० चे दशक उभे होते, तोच गायब झाला. जुलै २०१८ मध्ये त्याला सन्मानाने परत घेण्यात आले.

क्रिस बेन्वाचे प्रकरण अधिक गंभीर आहे. २००४ च्या रेसलमेनियात शेवटची लढत जिंकणाऱ्या या पैलवानाने जून २००७ मध्ये पत्नी आणि सात वर्षांच्या मुलाची हत्या करून आत्महत्या केली. त्यानंतर कंपनीने त्याचा उल्लेखच बंद केला. तिच्या ऑनलाइन सेवेत त्याच्या लढती होत्या, पण नावाने शोध घेतला तर तो निष्फळ ठरे. माणूस पडद्यावर आहे आणि सूचीत नाही, अशी ही स्थिती होती.

मार्च २०२१ मध्ये अमेरिकेत हा संग्रह ‘पीकॉक’ या सेवेकडे गेला. सुमारे १७ हजार तासांच्या चित्रणाची छाननी झाली आणि काही भाग वगळण्यात आले. १९९० च्या रेसलमेनियात रॉडी पायपरने अर्ध्या अंगाला काळा रंग फासून बॅड न्यूज ब्राउन या कृष्णवर्णीय पैलवानाशी लढत दिली होती. ती काढली गेली. २००५ च्या एका कार्यक्रमात कंपनीचे प्रमुख विन्स मॅकमहन यांनी कृष्णवर्णीयांसाठीचा अपमानकारक शब्द उच्चारला होता, तोही गेला.

या निर्णयांमागे काहीच तथ्य नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हे कार्यक्रम लहान मुले पाहतात आणि जुनी हीन अभिरुची नव्या पिढीपुढे वाढण्याचे बंधन कोणावर नसते. परंतु यातून लाभ नेमका कोणाचा होतो, हे विचारले पाहिजे. मालकाने स्वतःच उच्चारलेला अपशब्द मालकाच्याच संग्रहातून नाहीसा झाला, तर दुखावल्या गेलेल्यांना न्याय मिळत नाही. फक्त अपराध्याची पाटी कोरी होते. यावर उपाय कठीण नाही. ‘गॉन विथ द विंड’ हा चित्रपट एका ओटीटी सेवेने जून २०२० मध्ये काढून घेतला आणि काही दिवसांतच, त्यातील गुलामगिरीच्या चित्रणाची पार्श्वभूमी सांगणारे निवेदन जोडून, अखंड स्वरूपात परत आणला. प्रेक्षकाला सावध करायला निवेदन पुरते; त्यासाठी कात्री लागत नाही.

सरकारी नस्तीचा एक साधा नियम असतो. लिहिलेले खोडायचे असेल तर एक रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, आणि शेजारी तारखेसह सही करायची. पान फाडायचे नाही. पृष्ठक्रमांक तुटला की चौकशी होते. आमच्या प्रशासनाचे दोष पुष्कळ आहेत. पण दुरुस्ती झाली आहे, हे तरी पुढच्या अधिकाऱ्याला कळते. ओटीटीवरील चित्रफितीला पृष्ठक्रमांक नसतो. पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघाली तरी पहिली आवृत्ती कुठल्या तरी ग्रंथालयात उरते आणि दोन्ही ताडून पाहता येतात. विकत घेतलेली टेप घरात राहते. ओटीटीवर मात्र मूळ प्रत एकाच ठिकाणी असते. ती बदलली की एकाच रात्रीत सर्वांसाठी बदलते आणि काल काय होते हे सिद्ध करणे प्रेक्षकाच्या हाती राहत नाही.

आता याच कुस्तीच्या भारतीय पर्वाकडे वळू. १९१० मध्ये गामा पैलवान लंडनला गेला. पोलंडच्या झबिस्कोशी त्याची लढत अडीच तासांहून अधिक चालून अनिर्णित राहिली. दुसऱ्या लढतीसाठी झबिस्को आलाच नाही आणि मानाचा पट्टा गामाला मिळाला. १९२८ मध्ये पतियाळ्यात त्याने त्याच झबिस्कोला मिनिटाच्या आत चितपट केले. स्वातंत्र्यानंतर ‘फ्रीस्टाइल’ कुस्तीची लाट आली. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंग आणि अगडबंब किंग काँग यांच्या लढतींना गर्दी लोटे. दारा सिंग यांनी १९५९ मध्ये कलकत्त्यात जॉर्ज गोर्डिएन्को यांना हरवून राष्ट्रकुल अजिंक्यपद मिळवले आणि १९६८ मध्ये मुंबईत लू थेझ या अमेरिकी दिग्गजाला नमवले.

या साऱ्यापैकी आज घरबसल्या काय पाहता येते? फार तर काही मिनिटांचे विस्कळीत तुकडे. कारण उघड आहे. अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीसच दूरचित्रवाणीने कुस्तीला जवळ केले होते. आपल्याकडे १९५९ मध्ये दिल्लीत प्रायोगिक प्रसारण सुरू झाले आणि मुंबईत दूरचित्रवाणी आली ती १९७२ मध्ये. दारा सिंग यांच्या भरात आलेल्या वर्षांवर कॅमेरा जवळजवळ नव्हताच. जे चित्रित झाले, ते वृत्तपटांत आणि चित्रपटांत विखुरले. १९६२ च्या ‘किंग काँग’ या हिंदी चित्रपटाचा ६० वर्षांचा स्वामित्वहक्क २०२२ अखेर संपला. परंतु हक्कमुक्त होणे म्हणजे उपलब्ध होणे नव्हे. ‘रामायण’ मालिकेतील हनुमान म्हणून दारा सिंग २०२० च्या टाळेबंदीत कोट्यवधी घरांत पुन्हा अवतरले. पैलवान दारा सिंग यांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

म्हणजे ज्या इतिहासाला श्रीमंत मालक मिळाला, तो टिकला. पण मालकाच्या सोयीने कापला गेला. ज्याला मालकच नव्हता, तो हरवला. या दोन टोकांच्या मध्ये सार्वजनिक संस्थेची जागा असते आणि आपल्याकडे तीच रिकामी आहे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य सार्वजनिक ग्रंथालयांना द्याव्या लागतात. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा सरकारी दप्तरांचे जतन करायला सांगतो. दूरचित्रवाणी वा ओटीटीवरील कार्यक्रमांसाठी असे बंधन नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून मोलाचे काम करते आहे, तरी तेथेही प्रत जमा करण्याची सक्ती सर्व निर्मात्यांवर नाही. फ्रान्सने १९९२ मध्येच नभोवाणी व दूरचित्रवाणीला ग्रंथांप्रमाणे जमा-कायदा लागू केला.

दिल्लीत ओटीटीविषयी चर्चा कमी होत नाहीत. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वयानुसार वर्गीकरण आणले, तक्रार निवारणाची त्रिस्तरीय रचना उभी केली. काय दाखवू नये, यावर सारी ऊर्जा खर्च झाली. काय जपावे, हा प्रश्न नियमांत आला नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्ह्ज’ हा स्वतःचा ओटीटी मंच सुरू केला. तोही प्रदर्शनाचा मंच आहे. जतनाचा कायदा त्याने भरून निघत नाही.

तीन गोष्टी आपल्या आवाक्यात आहेत. भारतात प्रसारित होणाऱ्या कार्यक्रमांची प्रत एका सार्वजनिक संग्रहाकडे जमा करण्याचा कायदा करावा. सुरुवात देशी निर्मितीपासून व्हावी. जुना कार्यक्रम बदलून दाखवताना तो बदलला आहे, हे प्रेक्षकाला सांगणे सर्व मंचांवर बंधनकारक असावे. विदेशी कंपन्यांनाही हे जड जाऊ नये. आणि सरकारी वृत्तपटांच्या साठ्याची खेळवार सूची तयार करून ती लोकांसाठी खुली करावी. वरळीच्या आखाड्याचे काही क्षण अजून एखाद्या डब्यात असतील, तर ते तसेच सापडतील.

यात धोका नाही असे नाही. सरकारी संग्रहाच्या हातातही कात्री येऊ शकते आणि ती खासगी कात्रीपेक्षा अधिक धारदार असते. म्हणून अशा संस्थेला कायद्याने स्वायत्तता हवी आणि जमा झालेली वस्तू बदलण्याचा अधिकार कोणत्याही मंत्रालयाला नसावा. खर्च होईल, जागा लागेल, हक्कधारकांशी वाटाघाटी कराव्या लागतील. अभिलेखांबाबत हे सारे आपण पूर्वी केलेले आहे. ओटीटी मंचांचे पुढचे करार होतील, संग्रह पुन्हा घर बदलतील. त्या वेळी एक अखंड प्रत देशाकडे असेल की नाही, हे आज कायदा करणाऱ्यांनी ठरवायचे आहे.