वाड्याचा खांब, सायकलचं सीट

पुण्यात सदाशिव पेठेत वाडा पाडायला घेतला की सागवानी खांब, तुळया, चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात. मुंबईत वाढलेले, जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले शिल्पकार सुदर्शन शेट्टी यांनी अशा वापरून झालेल्या सागातूनही शिल्पं घडवली आहेत. वापरलेल्या वस्तूंतून शिल्प करण्याच्या या प्रकारात निवड हेच निम्मं काम. खिळ्यांची भोकं, हाताळून आलेली झीज बहुधा तशीच ठेवतात; वस्तूचं आधीचं आयुष्य दिसायला हवं.

ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. कलावंत मार्सेल द्यूशाँ यांनी १९१३मध्ये स्टुलावर सायकलचं चाक उलटं बसवलं. पिकासोने १९४२मध्ये सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. (सायकलींच्या पुण्याला हे आधी सुचायला हरकत नव्हती, पण आपण जुनी सायकल माळ्यावर टाकतो.) चंडीगडमध्ये नेकचंद यांनी सरकारी जागेवर, गुपचूप, फुटक्या बांगड्या आणि कपबश्यांतून माणसं नि प्राणी उभे केले; त्यांतून झालेली बाग १९७६मध्ये लोकांसाठी खुली झाली.

खरी पंचाईत टिकवण्याची. लोखंड गंजतं, लाकडाला वाळवी लागते, आणि दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले तर त्यांतला एक लवकर झिजतो. पिकासोच्या बैलाच्या तर ब्राँझमध्ये प्रती ओतल्या गेल्या.