छातीवरच्या नळीतून काय कळतं?

पेण आणि रोहा तालुक्यांत ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’ची (सुरुवात २०१३) पथकं अंगणवाड्या-शाळांत मुलांची तपासणी करतात. जन्मजात हृदयदोष शोधणं हाही त्यातला एक भाग. त्यासाठी स्टेथोस्कोपने हृदयाचे आवाज ऐकतात; त्यांचा अर्थ असा :

● लब : मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटण्याचा आवाज. मानेतली नाडी याच सुमारास लागते.

● डब : महारोहिणी आणि फुप्फुसरोहिणीच्या झडपा मिटण्याचा. श्वास आत घेताना तो किंचित दुभंगतो; मुलांत हे स्वाभाविक.

● मर्मर : रक्तप्रवाह खळबळला की येणारा जादा आवाज. प्रतवारी १ ते ६. चौथ्या प्रतीपासून थरथर हातालाही जाणवते.

● निरुपद्रवी : मऊ, आखूड, लब-डबच्या मधला, बसल्यावर कमी होणारा. ताप किंवा रक्तक्षय असला तर वाढतो.

● संशयास्पद : ‘डब’नंतरचा कोणताही मर्मर. संधिवातज्वराने मायट्रल झडप अरुंद झाली, तर डाव्या कुशीवर झोपवून, स्टेथोस्कोपच्या ‘बेल’ने खोल गडगड ऐकू येते.

● विंचूदंश : लाल विंचवाच्या विषाने हृदय दुबळं पडलं, तर तिसरा आवाज मिसळून घोडदौडीचा ताल उमटतो. दंशाच्या हृदयलक्षणांवर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं.

● पुढे काय : दूध पिताना घाम, ओठ निळसर, वजन न वाढणं, यांपैकी काही मर्मरसोबत असेल, तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लगेच करावा.