‘टोकियो स्टोरी’ आणि एका दिवसाची रजा

जपानातील ओनोमिचि या बंदरगावचे एक वृद्ध जोडपे टोकियोस मुलांकडे जाते, काही दिवसांत परतते, आणि घरी आल्यावर म्हातारी वारते. यासुजिरो ओझु यांच्या १९५३ च्या या बोलपटाचे कथानक एवढेच. पुढल्याच वर्षी आपल्याकडे राजा परांजपे यांचा ‘ऊन पाऊस’ आला. त्यातही वृद्ध मास्तर व त्यांची पत्नी यांची मुलांपायी होणारी परवड आहे. तो पाहून प्रेक्षक मुलांवर चिडतो. ओझुंचा बोलपट पाहून कोणावर चिडावे हेच कळत नाही.

थोरला मुलगा डॉक्टर. आईबापांना शहर दाखवायला निघणार, तोच रोग्याचे बोलावणे येते. मुलगी घरातच केशभूषेचे दुकान चालवते. दोघे मिळून म्हाताऱ्यांना अतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर धाडतात. तेथील रात्रीच्या गोंगाटाने झोप नाही, म्हणून ती लवकर परततात, तर मुलीकडे त्याच दिवशी धंद्यातल्या संघटनेची बैठक! बैठका भरवण्यात हयात गेलेल्या आम्हांस ही जागा बोचते. त्या वेळी घरच्या म्हाताऱ्यांनी कोठे बसावे, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नसतो.

उरली नोरिको, युद्धात गेलेल्या मुलाची विधवा. कचेरीत नोकरी, एका खोलीचे बिऱ्हाड. सासूसासऱ्यांना ती बसमधून शहर दाखवते, शेजारणीकडून उसने मद्य आणून पाहुणचार करते. प्रेक्षक तिला देवता करतात. पण त्याआधी ती साहेबाकडे एक दिवसाची रजा मागते, आणि ओझुंनी ते मागणे पडद्यावर दाखवले आहे. रेल्वेत नोकरीस असलेला ओसाकाचा मुलगा मात्र कामासाठी बाहेरगावी गेलेला. आईचे शेवटचे तोंड पाहणे त्याला साधत नाही.

हिंगोली, सेनगाव, कळमनुरीकडची मुले पुण्याच्या कारखान्यांत कंत्राटावर आहेत. खाडा झाला की रोज बुडतो. रात्रपाळीचा मुलगा दिवसा झोपतो. त्याच खोलीत गावाहून आलेल्या आईने खोकावे तरी कसे? या मुलांना कृतघ्न ठरवणे सोपे आहे. भरपगारी रजा मिळवून देणे अवघड.

ओझुंचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो आणि क्वचितच हलतो. सतरंजीवर बसणाऱ्या आपल्या लोकांना ती उंची परकी वाटू नये. सुरुवातीस बोलपट संथ भासेल. थोडा धीर धरावा.

अखेर सासरे सासूचे घड्याळ नोरिकोस देतात. ती टोकियोच्या गाडीत बसते. धाकटी नणंद कियोको शिक्षिका. शाळा असल्याने तिला निरोपास जाता येत नाही. ती वर्गाच्या खिडकीशी उभी राहून गाडीच्या दिशेने पाहते.