नाटकातले बोलणे घरी कामाला आले

मी इयत्ता चौथीत आहे. २६ जानेवारीला आमच्या शाळेत मुलांचे नाटक आहे. त्यात मी प्रधान झाले आहे. महिनाभर गुरुजी मधल्या सुट्टीनंतर आमची तालीम घेतात. तालमीत शिकलेले मला नाटकाच्या आधी घरीच उपयोगी पडले. ते कसे, ते सांगते.

माझ्या आजीला बी.पी. आहे आणि तिला कमी ऐकू येते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिला दवाखान्यात नेले. आई केसपेपरच्या रांगेत उभी होती. डॉक्टरांनी मला विचारले, "आजीनं आज गोळी घेतली का?" मी म्हणाले, "सकाळची गोळी घेतली नाही." पण मी खाली बघून बोलले आणि 'नाही' तोंडातच राहिले. डॉक्टरांना 'घेतली' एवढेच ऐकू गेले. गोळी घेऊनही बी.पी. वाढले असे त्यांना वाटले आणि ते जास्त ताकदीची गोळी लिहू लागले. तेवढ्यात आई आली म्हणून बरे झाले. घरी येईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही.

शाळा सुरू झाल्यावर मी हे गुरुजींना सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अगं, मराठीत 'नाही' बहुतेक वेळा शेवटी येतं. आलो नाही, दुखत नाही, दिलं नाही. आणि आपला दमही शेवटीच संपतो. शेवटचा शब्द गिळला की अर्थ उलटा."

मग दम पुरवायला शिकवले. आम्ही वर्गात सतरंजीवर उताणे झोपलो आणि पोटावर पाटी ठेवली. श्वास घेतला की पाटी वर, सोडला की खाली. छाती आणि पोट यांच्या मध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो. श्वास घेताना तो खाली सरकतो, म्हणून पोट पुढे येते. आम्ही नुसते खांदे उचलून श्वास घेत होतो, तो पुरत नाही. (एकाची पाटी हसून हसून पडली आणि फुटली. ती माझीच होती.)

आवाज गळ्यातल्या स्वरयंत्रात होतो. गळ्यावर बोटे ठेवून झाडातला 'झ' लांब म्हणा, थरथर लागेल. सापातला 'स' लांब म्हणा, थरथर लागणार नाही. पण शब्द बनतात ते जीभ, दात, टाळू नि ओठांनी. आपली बाराखडी पाठ असून हे मला माहीत नव्हते! 'क' मागे घशाजवळ, 'च' टाळूला, 'ट' जीभ वर वळवून, 'त' दातांना आणि 'प' ओठांवर. मागून पुढे ओळीने लावलेली आहेत. म्हणून आम्ही रोज क, च, ट, त, प असे तोंड मोठे उघडून म्हणतो. जीभ वळावी म्हणून मी एक वाक्य केले आहे : 'तात्यांच्या टोपलीत टपोरी टमाटी, ताईच्या ताटात तिखट तूरडाळ.' पाच वेळा भरभर म्हणून बघा.

आम्ही घरी पाणीला 'पानी' म्हणतो. ते चुकीचे का, असे एकाने विचारले. गुरुजी म्हणाले, "पानी प्यालास तरी तहान भागतेच की! नाटकातला शेतकरी पानी म्हणेल, प्रधान पाणी म्हणेल. दोन्ही यायला हवं. पण ऐकू आलं पाहिजे."

आपल्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' नाटक केले. तेव्हा लाऊडस्पीकर नव्हता. नटांना आपल्याच आवाजावर काम भागवावे लागे. आम्हीही माईक न घेता करणार आहोत. तालमीत एक जण लिंबाच्या झाडाखाली उभा राहतो आणि ऐकू आले तर हात वर करतो. ओरडायचे मात्र नाही. ओरडले की घसा बसतो आणि शब्द फाटतात.

ओरडण्याचे मला घरीही कळले. आजीला ऐकू जावे म्हणून मी मोठ्याने ओरडायची. ती म्हणायची, "माझ्यावर कशापायी खेकसतीस गं?" मला वाईट वाटायचे, कारण मला राग आलेलाच नसायचा. तालमीत गुरुजींनी एकच वाक्य तीन तऱ्हांनी म्हणायला लावले : 'तू माझी पेन्सिल घेतलीस.' एकदा साधे, एकदा विचारून, एकदा भांडून. शब्द तेच, पण भांडताना म्हटले तर समोरचा खरेच चिडतो! तेव्हा समजले की आजीला शब्द कळत नव्हते, फक्त सूर कळत होता.

आता मी आजीच्या समोर बसते, तिला माझे तोंड दिसेल असे. सावकाश, शेवटचा शब्द पुरा करून बोलते. मागच्या महिन्यात दवाखान्यात डॉक्टरांनी मलाच विचारले. मी पोटात श्वास घेतला आणि सांगितले, "दोन दिवस गोळी घेतली नाही. संपली होती." त्यांनी तीच गोळी पुन्हा लिहून दिली.

आजी नाटकाला येणार आहे. ती पुढे बसेल. पण पालकांनो, तुमच्यापैकी काही जणांनी मागे लिंबाखाली बसावे आणि प्रधानाचे बोलणे ऐकू आले तर हात वर करावा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी