पंपाच्या स्क्रूपासून ईसीयूच्या फाइलीपर्यंत

उसाचा हंगाम लागला की माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुड भागात इंजिनाची ताकद हा चहाच्या टपरीवरचा विषय होतो. जवळच तेलगावला लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर तिकडे निघाले की कोणाचा चढाला दमतो, कोणाचा दमत नाही, हे सगळ्यांना दिसतं. जो दमतो त्याच्या मालकाला एकच सल्ला मिळतो: पंपवाल्याकडे, म्हणजे इंजिनाच्या डिझेल पंपाच्या मिस्त्रीकडे, जा आणि डिझेल वाढवून घे.

कारच्या इंजिनाचा संगणक नव्याने लिहिणं, म्हणजे आजच्या भाषेत ‘रिमॅप’, समजून घ्यायचं तर सुरुवात या पंपवाल्यापासून करावी लागते. जुन्या डिझेल पंपावर गव्हर्नरपाशी एक स्क्रू असतो. इंजिनावर पूर्ण भार असताना एका फवाऱ्यात जास्तीत जास्त किती डिझेल जाईल, हे तो ठरवतो. कारखान्यातून येताना त्यावर तार ओवून शिशाचं सील मारलेलं असतं. मिस्त्री ते सील तोडतो, लॉकनट सैल करतो, स्क्रू किंचित फिरवतो आणि रेस देऊन सायलेन्सरकडे बघतो. धूर नुसता करडा झाला तर ठीक, काळाकुट्ट झाला तर स्क्रू थोडा मागे. तो धूर बघून मोजतो. चांगल्या मिस्त्रीचं हे मोजमाप बऱ्यापैकी बरोबर येतं आणि त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव असतो.

आजही 50 अश्वशक्तीच्या आतल्या बहुतेक ट्रॅक्टरांना हाच यांत्रिक पंप आहे. त्यावरच्या ट्रॅक्टरांना 1 जानेवारी 2023 पासून उत्सर्जनाचे कडक नियम लागू झाले आणि त्यांच्यात कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी जास्त दाबाची नळी) व ईसीयू आले. कार आणि जीपमध्ये तो बदल कितीतरी आधी झाला. त्यामुळे पंपवाल्याच्या दुकानापुढे स्क्रूवर चालणारी गाडी आणि फाइलीवर चालणारी गाडी शेजारी-शेजारी उभ्या दिसतात.

ईसीयू म्हणजे ॲल्युमिनियमच्या डबीत बंद केलेला छोटा संगणक. त्यात तक्ते भरलेले असतात, त्यांनाच मॅप म्हणतात. आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या ओळीत ॲक्सिलरेटर किती दाबला आहे ते, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. किती टॉर्क मागायचा, किती मिलिग्रॅम डिझेल सोडायचं, ते पिस्टन वर येण्याच्या किती अंश आधी सोडायचं, रेलमध्ये दाब किती ठेवायचा, टर्बोने हवा किती कोंबायची, या सगळ्याचे वेगळे तक्ते असतात. त्यांच्यावर पहारा ठेवणारेही तक्ते असतात. हवा कमी असेल तर डिझेल कापणारा, गिअरबॉक्स सांभाळण्यासाठी टॉर्क अडवणारा, इंजिन तापलं की ताकद उतरवणारा. स्क्रूने एकच मर्यादा हलत होती. इथे एक वाढवली तर दुसरी आडवी येते, म्हणून अर्धवट माहितीवर केलेला रिमॅप स्क्रूपेक्षा जास्त घातक ठरतो.

काम करण्याची पद्धत अशी. स्टिअरिंगखाली 16 पिनांचं सॉकेट असतं, त्यातून मूळ फाइल वाचून घेतात. काही ईसीयू असे दाद देत नाहीत, ते काढून टेबलावर उघडावे लागतात. फाइलीतल्या आकड्यांत फेरफार झाले की पूर्ण फाइलीच्या बेरजेचा ताळा, म्हणजे चेकसम, जुळवून ती परत लिहितात. लिहिताना बॅटरीचा व्होल्टेज पडला तर गाडी जागेवर मेलीच समजा, म्हणून नीट काम करणारा माणूस आधी चार्जर लावतो. मग गाडी ताकद मोजणाऱ्या डायनोवर किंवा मोकळ्या रस्त्यावर पळवून टर्बोचा दाब, हवा आणि तापमान यांची नोंद तपासतो. जो ही नोंद दाखवू शकत नाही, त्याने कुठून तरी उतरवलेली तयार फाइल आपल्या गाडीत ओतली आहे, असं मी खुशाल समजतो.

टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत या सगळ्यातून फारसं काही हाती लागत नाही. खरा फरक पडतो टर्बो डिझेलला. ‘कंपनीने ताकद लपवून ठेवली आहे’ हे वाक्यही तिथेच ऐकू येतं. ते मला पटत नाही. चाकणला तयार होणारी महिंद्रा स्कॉर्पिओ-एन 2022 साली आली तेव्हा तिचं 2.2 लिटरचं डिझेल खालच्या मॉडेलांत 132 पीएस आणि वरच्या मॉडेलांत 175 पीएस होतं. हा सगळाच फरक फाइलीतला आहे असं मी म्हणत नाही. पण त्याच 175 पीएसच्या गाडीत मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर टॉर्क 370 न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिक असेल तर 400. इंजिन जास्त देऊ शकत असतानाही कंपनी गिअरबॉक्स पाहून हात आखडता घेते. हे राखून ठेवलेलं भांडवल आहे. मे महिन्यात 40 अंशांच्या वर गेलेल्या बीड जिल्ह्यात पूर्ण सीट भरून घाट चढताना, भेसळीचं डिझेल पडल्यावर, फिल्टर तुंबल्यावर ते खर्ची पडतं. रिमॅप करणारा ते आधीच काढून घेतो. जास्तीच्या डिझेलने टर्बोत जाणारा वायू आणखी तापतो, क्लच घसरू लागतो, पिस्टनच्या माथ्यावर ताण येतो.

देशातल्या गाड्यांचं एक फार मोठं रिमॅपिंग मात्र कुठल्याही गॅरेजवाल्याने केलेलं नाही, ते एका कंपनीलाच करावं लागलं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजणीचं यंत्र गाडीत ठेवून फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या रस्त्यावर चालवल्या. प्रयोगशाळेत स्वच्छ ठरलेल्या गाड्या बाहेर कितीतरी जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. ईसीयूला चाचणी चालू असल्याचं ओळखता येत होतं आणि तेवढ्यापुरता तो सभ्य मॅप वापरत होता. सप्टेंबर 2015 मध्ये हे उघड झालं, जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या त्यात निघाल्या. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने तपासणी केली आणि डिसेंबर 2015 मध्ये कंपनीने फोक्सवॅगन, स्कोडा व ऑडी मिळून सुमारे 3 लाख 23 हजार 700 गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं. भारतात तेव्हा रस्त्यावरच्या उत्सर्जनाला वेगळी मर्यादाच नव्हती, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये कंपनीला 500 कोटींचा दंड ठोठावला, पण सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली.

या प्रकरणाने एक गोष्ट पक्की केली. डोळ्यांना न दिसणारा धूरही फाइलीतूनच ठरतो. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. म्हणून ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडून नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा) बंद केलेली गाडीही प्रमाणपत्र घेऊन फिरू शकते. बीएस-6 गाडीचा काजळी अडवणारा फिल्टर काढून फाइलीतून त्याची आठवणही पुसून देणारे लोक आहेत. त्यांना कारागीर म्हणायला मी तयार नाही. शाळेसमोरून जाणाऱ्या गाडीची काजळी मुलांच्या छातीत जाते.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. अपघातानंतर विमा कंपनीने न कळवलेल्या बदलावर बोट ठेवलं तर मालकाकडे उत्तर नसतं.

तेव्हा गाडी ओढत नसेल तर फाइलीला हात लावण्याआधी एअर फिल्टर बघा, इंटरकूलरचा पाइप कुठे फाटला आहे का ते बघा, इंजेक्टर तपासून घ्या, टर्बोचा दाब स्कॅनरवर वाचायला सांगा. ‘पिकअप नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. आणि रिमॅप आधीच करून घेतला असेल, तर तो करणाऱ्याकडून मूळ फाइल मागून जपून ठेवा. ती हरवली तर गाडी पूर्ववत करणं फार अवघड जातं.